एक इंच माया

ताईने आयुष्यात कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेव्हा असं मागितलं की मास्तरांच्या ओठांत धरलेल्या टाचण्या जमिनीवर सांडल्या.

मास्तर म्हणजे टेलरमास्तर. घराच्या पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. वय त्रेसष्ट, पण ताईच्या लेखी ते अजून छोट्याच. ही त्यांची सख्खी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मास्तर नऊ वर्षांचे होते आणि ताई सतरा. त्या दिवसापासून याला न्हाऊमाखू घालण्यापासून ते मशीनवर बसवण्यापर्यंत सगळं हिनेच केलं. स्वतःचं लग्न वगैरे भानगडीत ती पडलीच नाही.

"छोट्या," ताई दारात काठी टेकून म्हणाली, "मला सतरा नंबरला जायचंय."

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, म्हातारीला बसचा नंबर हवाय. मास्तरांना मात्र बरोबर कळलं.

ताईने बत्तीस वर्षं ट्रंक एक्स्चेंजमध्ये काढली होती. कानाला हेडफोन, समोर लाकडी बोर्ड, बोर्डावर ओळीने सतरा भोकं. इथून निघणाऱ्या एका लांबच लांब रस्त्यावरची ती सतरा गावं. दोरीचं टोक एका भोकात, दुसरं दुसऱ्यात, की दोन माणसं एकमेकांशी बोलायला लागायची. पलीकडच्या ऑपरेटरांना नावं नव्हती, नुसते नंबर. नऊची बाई बारा महिने तेरा काळ शिंकायची. चौदाचा बुवा आधी घसा खाकरायचा, मगच "बोला" म्हणायचा. सहावर भर दुपारी कोंबडा आरवायचा, तो का, हे कोडं ताईला कधीच सुटलं नाही. तीन मिनिटं झाली की मध्ये तोंड घालून म्हणायचं, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" ही सवय तिच्या जिभेला इतकी चिकटली की घरी कुणी पाल्हाळ लावलं तरी ती म्हणायची, "तीन मिनिटं झाली हं."

आणि सतरा. सतरा नंबर म्हणजे रस्त्याचं शेवटचं टोक. तिथली लाइन लागली की मागे सतत कसलासा आवाज यायचा. नोकरीच्या पहिल्याच महिन्यात ताईने विचारलं होतं, "तुमच्याकडे लाइन खराब आहे का हो?" पलीकडची बाई हसली. "लाइन चांगली ठणठणीत आहे. तो समुद्र आहे."

त्या संध्याकाळी घरी येऊन ताईने बारा वर्षांच्या छोट्याला ही गोष्ट सांगितली. "कसा आवाज गं?" त्याने विचारलं. ताईने तोंडाने करून दाखवला. तो इतका भिकार झाला की दोघं पोट धरून हसली. पण पोराच्या मनात तो आवाज जो अडकला, तो अडकलाच. पुढे मशीन आलं, बायको आली, चष्मा आला. समुद्र काही आला नाही.

"अगं, पण तुला बसवत कुठे?" मास्तर टाचण्या वेचत म्हणाले.

तिथेच तर घोडं अडलं होतं. ताईचा खुबा तीन वर्षांपासून आखडत चालला होता. अर्धा तास बसली की पाय बधिर. दिवसातला बराचसा वेळ मागच्या खोलीत पाठीवर आडवी. रेल्वे नको, बस नको, विमानाचं तर नावच नको. डॉक्टरांनी मात्र एक फट उघडी ठेवली होती. "आडवं पडून जाता येत असेल तर खुशाल जा," ते म्हणाले होते. "पण काय ते याच वर्षी. पुढच्या वर्षी या घराची पायरी तरी चढतील का, मी सांगू शकत नाही."

हे ऐकून मास्तरांची बायको आतून पदर खोचत बाहेर आली. तिला सगळी आळी ड्रायव्हरबाई म्हणायची, कारण तिने सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली होती. मास्तरांनी जन्मात एकदाच स्टिअरिंग धरलं होतं, आणि त्या दिवशी शेजाऱ्यांचं फाटक गेलं.

"गाडी मी चालवते," ती म्हणाली. "वन्संना आडवं पडायची सोय तुम्ही करा. मोठे टेलर ना तुम्ही? मग गाडीला आतून घर शिवा."

झालं. तिघं गाडी बघत फिरायला लागली.

पहिली मिळाली ती जुनी रुग्णवाहिका. आडवं पडायची सोय आयतीच. ताईने बाहेरूनच मान हलवली. "यात आडवी होऊन जायची वेळ येणारच आहे. आत्तापासून सराव कशाला?" दुसरी एक लांबलचक बस. ड्रायव्हरबाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं तिला बघून, पण चाकांमधलं अंतर पावलांनी मोजल्यावर त्याच म्हणाल्या, "घाटातल्या वळणाला ही अडकली तर आपण तिथेच म्हातारे होऊ." मास्तर पुटपुटले, "आता काय तरणे आहोत?" त्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

तिसरी होती पावाची गाडी. एका बेकरीवाल्याने विकायला काढलेली, उंच छताची, चौकोनी. गल्लोगल्ली थांबून पाव विकायचा, म्हणून डाव्या अंगाला हातभर उंचीची लांब सरकती काच. पुढे ड्रायव्हरची एकच सीट, कारण शेजारी पावाचे ट्रे लागायचे. दार उघडलं तर आत अजून भाजक्या पिठाचा वास.

ड्रायव्हरबाई चटई टाकून गाडीखाली शिरल्या. मास्तर आत जाऊन भिंतींवरून हात फिरवत बसले, जसं काही गिऱ्हाइकाने आणलेलं कापड आहे. ताई बाहेर उभी राहिली आणि म्हणाली, "जरा सुरू करा बघू." इंजिन सुरू झालं. तिने डोळे मिटले, कान तिरका केला.

"तीन ठोके नीट, चौथा उशिरा," ती म्हणाली.

बेकरीवाला चपापला. "एक व्हॉल्व्ह सैल आहे खरा. पण आजवर कुणाला ऐकू आला नाही हो!"

"त्यांना शिंका मोजायची सवय नसेल," ताई म्हणाली. बेकरीवाला बापडा तोंड उघडं टाकून बघत राहिला. व्हॉल्व्ह घट्ट करून द्यायच्या बोलीवर गाडी घरी आली.

मग जे सुरू झालं त्याला काही सुमारच नाही. मास्तरांना एकेक प्रश्न असा पडायचा की जेवता जेवता उठायचे. माणसाला दिवसाला पाणी किती लागतं? ते टाकीत डुचमळतं तेव्हा गाडी एका बाजूला ओढते का? चमचे वाजू नयेत म्हणून काय करायचं? एकदा त्यांनी भरलेला पेला गाडीच्या मधोमध ठेवला, बायकोला गतिरोधकावरून गाडी घ्यायला सांगितलं, आणि स्वतः गुडघ्यांवर बसून पाणी कुठल्या बाजूला सांडतं ते पाहिलं. पाणी सांडलं ते त्यांच्या विजारीवर. ड्रायव्हरबाईंनी आरशातून पाहिलं आणि इतक्या हसल्या की गाडी थांबवावी लागली.

खणांना सरकते दरवाजे नकोत, चढावर उघडतात, म्हणून त्यांनी जाड कॅन्व्हासचे खिसे शिवले. चमच्यांना अरुंद, डब्यांना चुणीदार, ताईच्या औषधांना झाकणाचा. ताईला झोपेत आवळणार नाही पण ब्रेक लागला तर सोडणार नाही, असा पट्टा शिवला. चाळीस वर्षं सुईच्या टोकाकडे बघून जगलेला माणूस, पण आता त्याची नजर सगळीकडे भिरभिरत होती.

लाकूडकामासाठी कोपऱ्यावरचे मिस्त्री होते. मिस्त्री कमी बोलणारा माणूस, आणि बोलला तर खिळा ठोकल्यासारखा. मास्तरांनी त्यांना आकडे दिले नाहीत, चित्र दिलं नाही. आपल्या रिवाजाप्रमाणे तपकिरी कागद जमिनीवर पसरला, गाडीच्या आतली मापं घेतली आणि खडूने आखून प्रत्येक फळीचा पूर्ण आकाराचा कागद कापला. मागच्या अंगाला आडवी खाट ताईसाठी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. डाव्या काचेखाली लांब बाक: दिवसा मास्तरांनी पट्टा लावून बसायचं, बाकीच्या वेळी ओढून रुंद केला की नवराबायकोची झोपायची सोय. उजवीकडे शेगडी, टाकी, कपाट.

"मिस्त्री, कागदाबरहुकूम कापा," मास्तर म्हणाले. "एक सूतही इकडेतिकडे नको."

"बरं," मिस्त्री म्हणाले.

तीन आठवड्यांनी मिस्त्री हातगाडीवर सगळं घेऊन आले. सांधे जोडून, डिंक वाळवून, पॉलिश करून. तिघंही अंगणात उभी. आधी खाट आत न्यायची ठरली. आत गेली, मागे गेली, आडवी करायला घेतली आणि तिरकी होऊन अडकली.

"जरा डावीकडे," मास्तर म्हणाले.

"डावीकडे भिंत आहे," मिस्त्री म्हणाले.

"मग उजवीकडे घ्या."

"उजवीकडेही भिंतच आहे."

मिस्त्रींनी टेप काढला. गाडी आतून त्र्याहत्तर इंच. खाट पंच्याहत्तर. मग कपाट मोजलं, तेही दोन इंच उंच. बाकाच्या फळ्या दोन इंच लांब. शेगडीचा ओटा दोन इंच.

"नाचता येईना, अंगण वाकडं! चांगला कागद कापून दिला होता तुम्हाला!" मास्तर ताडकन म्हणाले.

मिस्त्रींनी पिशवीतून कागद काढला आणि खाटेवर पसरला. तंतोतंत. मग पेन्सिलीने कागदाच्या कडेवर टिचकी मारली. "ही खडूची रेघ आतून कसली आहे?"

मास्तरांनी रेघ पाहिली. कडेपासून बरोबर एक इंच आत, चारी बाजूंनी. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

"माया," ते म्हणाले.

"काय?"

"माया हो. शिवणीत धरायला जादा कापड सोडतो ना आम्ही आत, ती माया. एक इंच या बाजूला, एक इंच त्या बाजूला. चाळीस वर्षं हात आपोआप सोडतो. कापड कमी पडलं तर मेलंच, जास्त असलं तर आत दुमडता येतं."

मिस्त्रींनी खाटेच्या सागवानी कडेवर हात ठेवला. "मास्तर, हे दुमडून दाखवा," ते म्हणाले.

ड्रायव्हरबाई तोंडाला पदर लावून गाडीमागे गेल्या. ताईने मात्र उघडउघड हसून घेतलं. मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. मिस्त्रींना दया आली असावी. म्हणाले, "बाकीचं रंध्याने निघेल. खाटेचे सांधे सोडवून पुन्हा जोडायला लागतील. चार दिवस. जेवून येतो, हत्यारं घेऊन. तोवर हिला सरळ करून ठेवू, दार तरी लागेल."

खाट सरळ केली ती गाडीच्या लांबीला, डाव्या काचेखाली, जिथे बाक यायचा होता तिथे. मिस्त्री गेले. ताई तासभर काठीवर उभी होती, तिचे ओठ पांढरे पडले होते. "मला जरा टेकू द्या रे," ती म्हणाली. मास्तरांनी तिला धरून आत घेतलं, खाटेवर गादी टाकली, आणि ती आडवी झाली.

मग आतून हाक आली.

"छोट्या! तो समोर शिडीवर माणूस आहे बघ, पाटी रंगवतोय. त्याने एक वेलांटी उलटी काढलीय!"

मास्तरांनी पाहिलं. खरंच उलटी होती.

"आणि ती पिवळ्या स्वेटरची मुलगी दोनदा गेली, दोन्ही वेळा एकच बूट घालून. दुसरा कुठाय? आणि हे आपल्या गल्लीत झाड कधी आलं?"

"अगं, ते तीन वर्षं आहे."

"मला कुठे दिसणार? मला पंख्याची तीन पाती दिसतात."

हे ती अगदी सहज म्हणाली. तक्रार म्हणून नाही. पुढच्याच क्षणी ती कुठल्याशा मांजरीचं धावतं वर्णन करायला लागली. पण मास्तर पायरीवर बसले ते बसलेच. त्यांच्या डोळ्यांसमोर तो तपकिरी कागद आला. त्यात ताईची खाट आडवी, मागच्या बंद भिंतीला लागून, वर पत्र्याचं छत. आणि काच? काच त्यांनी बाकाच्या वाट्याला दिली होती. स्वतःच्या. सतरा गावं बघायला निघालेली बाई छत बघत गेली असती, आणि कागद कापताना हे त्यांच्या एकदाही मनात आलं नव्हतं.

मिस्त्री जेवून आले, करवत घेऊन.

"खाट इथेच ठेवली तर?" मास्तरांनी विचारलं.

मिस्त्रींनी आत डोकावून अंदाज घेतला. "ठेवा की. मग बाक गेला. बाक गेला म्हणजे बसायची जागा गेली आणि दोघांची झोपायचीही. उजवीकडचं हलत नाही, टाकीचं वजन आहे. मधली वाट या बाईंच्या काठीला हवी."

"वर कॅन्व्हासची झोळी टांगली तर? मी शिवतो."

"छताच्या कांबीला एकाचं वजन झेपेल. दोघांचं नाही."

ड्रायव्हरबाई नवऱ्याकडे बघत होत्या. पुढे सीट एकच, आणि ती त्यांची. वर झोळी एक, तीही गाडी चालवणारीलाच हवी. हा हिशेब शाळेतल्या पोरालाही जमला असता.

"अहो, चार दिवसांचा तर प्रश्न आहे," त्या हळूच म्हणाल्या. "करू द्या की त्यांना."

"कापू नका, मिस्त्री," मास्तर म्हणाले.

आतून ताईचा आवाज आला. तिचे कान कुठे जाणार! "छोट्या, मूर्खपणा करू नकोस. मला छत चालतं. मला सवय आहे."

"मला तसंही दुकान आहे गं," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाइकं खोळंबलीत. आणि मला गाडी लागते. आणि समुद्राचं काय एवढं, पाणीच तर…"

"खोटं बोलताना तुझा आवाज नाकातून येतो. नऊ वर्षांचा होतास तेव्हापासून."

मास्तर आत जाऊन खाटेच्या कडेला बसले. नेमक्या त्या जादाच्या एका इंचावर.

"ताई, मला यायचंय," ते म्हणाले. "खूप यायचंय. इतकं की आज मला कुणी विचारू नये. पण खिडकी मी माझ्यासाठी ठेवली आणि तुला पत्रा दिला. तू मला वाढवलंस आणि मी तुला पत्रा दिला. आता ही खाट इथून हलली तर मला समुद्र दिसूनही काही दिसणार नाही. माझ्यासाठी म्हणून तरी खिडकीशी जा."

ताईने हात लांब करून त्याचा कान धरला, लहानपणी पिळायची तसा, पण पिळला नाही. बाहेर मिस्त्रींनी करवत पुन्हा पिशवीत घातली आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "राहू द्या तर मग माया."

झोळी शिवायला दोन दिवस लागले. मास्तरांनी शिवणी तिहेरी घातल्या, पुन्हा पुन्हा ओढून पाहिल्या, स्वतः टांगून घेऊन पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पावाची गाडी गल्लीतून निघाली. लांब काचेतून ताईचा हात आणि काठीचं टोक हलत गेलं, वळणापर्यंत. मग मास्तर दुकानात आले आणि एक सदरा उलट्या बाजूने शिवला.

दुसऱ्या दिवशी दुकानातला फोन वाजला. "हॅलो, एक नंबर. तुमचा कॉल आहे, बोला," ताई ऑपरेटरच्या आवाजात म्हणाली, आणि मग एकदम स्वतःच्या, "अरे, एक नंबरला नदी आहे! मला कुणी सांगितलंच नव्हतं!"

त्यानंतर रोज नाही, पण जिथे थांबतील तिथून फोन. सहावर कळलं की एक्स्चेंजच्या मागे कोंबड्यांचं खुराडं होतं, इतकं बंद की दुपारी दाणे टाकायला दार उघडलं की कोंबड्याला पहाट वाटायची. "एक्कावन्न वर्षांनी सुटलं बघ!" नऊची बाई सापडली. ऐंशीची झाली होती, आणि दार उघडताच शिंकली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, असं ड्रायव्हरबाईंनी सांगितलं. ताई म्हणाली, "मी नाही रडले, तीच शिंकत होती." घाटात झोळी तसूभरही सैल झाली नाही. चमचे वाजत नव्हते. चौदाचा बुवा तीन वर्षांपूर्वी गेला होता, ते सांगताना ताईने आधी घसा खाकरला.

प्रत्येक वेळी तीन मिनिटं झाली की ती फोन ठेवायची. सवय ती सवय.

सतराव्या फोनला मास्तर एका गिऱ्हाइकाच्या पाठीचं माप घेत होते, ओठांत टाचण्या. फोन वाजला. त्यांनी टाचण्या न काढताच कानाला लावला.

"सतरा नंबर," ताई म्हणाली. "लाइन खराब नाहीये हं. बोलू नकोस. ऐक."

मग तिचा आवाज दूर गेला. तिने फोन काचेतून बाहेर धरला असावा. आधी नुसता वारा. मग तो आवाज आला. ताईने तोंडाने काढला होता त्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. मोठा होता, हळू होता, यायचा आणि परत जायचा, आणि परत जाताना बारीक खडे ओढत न्यायचा. खड्यांचं तिने कधी सांगितलंच नव्हतं. मास्तरांनी टेपचं टोक सोडून दिलं आणि स्टुलावर बसले. गिऱ्हाईक तसंच हात पसरून उभं राहिलं. टाचण्या एकेक करून मांडीवर पडल्या.

किती वेळ गेला कोण जाणे. मग ताईचा आवाज जवळ आला, जरासा ओला.

"तीन मिनिटं झाली, छोट्या. वाढवू का?"

"वाढव," मास्तर म्हणाले.